अडकलेला नांगर आणि सुभेदारांचा बुरूज

सुभेदार त्र्यंबकरावांच्या गलबताचा नांगर खाडीच्या तोंडाशी खडकात असा अडकला, की वीस शिपाई दोर ओढून घामाघूम झाले तरी तो तसूभर हलेना. सुभेदार खलाशांच्या म्होरक्यावर, तांडेल चांगोजीवर गरजले, "दुपारपर्यंत नांगर वर आला नाही, तर तुझी तांडेलकी गेली म्हणून समज!"

चांगोजीनं बोटांवर तिथी मोजली. पुनव होती, म्हणजे उधाणाची भरती येणार. आणि आत्ता पाणी पार ओसरलेलं होतं. त्यानं दोर ताणून गलबताच्या पुढच्या टोकाला करकचून आवळला आणि पानाची चंची सोडून निवांत बसला.

"अरे, हात तरी लाव!" सुभेदार ओरडले. चांगोजी पानाला चुना लावत राहिला.

भरती चढू लागली, तसं पाणी गलबताला वर उचलू लागलं. दोर करकरला, गलबताचं टोक खाली दबलं, आणि ऐन दुपारी नांगर खडकातून सुटला तसं गलबत टुणकन उसळलं. शिपायांनी एकच गलका केला.

सुभेदार मात्र फणकारले, "यात तू काय केलंस? नांगर तर समुद्रानं काढला!"

चांगोजी हात जोडून म्हणाला, "खरंय, सरकार. गडाचा नवा बुरूजही गवंड्यांनीच बांधला. पण त्यावरच्या शिळेवर नाव तुमचंच आहे ना?"

सुभेदारांनी पानासाठी हात पुढे केला.