फक्कीची पेठ

वडजाईची नवी पेठ दुसऱ्यांदा पाडायची वेळ आली, तेव्हा राजा भुजंगरावांचा पारा असा चढला की दरबारात कोणी शिंकायलाही धजेना!

पहिल्या खेपेला वेसच इतकी अरुंद निघाली की कापसाची भरलेली गाडी आत शिरेना. दुसऱ्या खेपेला गवंड्यांनी दालनं ऐसपैस बांधली आणि सुतारांनी तासून आणलेल्या तुळया वीतभर आखूड पडल्या. गवंडी म्हणाले, "सुतार चुकले." सुतार म्हणाले, "गवंडी चुकले." लोहार म्हणाला, "मला तर कोणी विचारलंच नाही!"

"पुरे!" राजा गरजला. "मृगाच्या आत पेठेवर कौलं चढली पाहिजेत. आणि नीट ऐका! या खेपेला उभारलेली भिंत पाडायची नाही. एक चिरा जरी उखडला, तर गवंडी, सुतार, लोहार, चुनेवाले, सगळ्यांना बायकापोरांसकट राज्याबाहेर हाकलीन! बोला, कोण उचलतो विडा?"

तबकातला विडा तसाच पडून राहिला. बाळोजी गवंडी छताकडे बघू लागला, सखाराम सुतार जमिनीकडे.

मागे चुनेवाल्यांत येसू उभी होती. चुन्याची घाणी हाकायचं तिचं काम. दोन्ही पेठांचा चुना तिनेच मळला होता आणि दोन्ही वेळा तो राडारोडा होऊन गाडीतून जाताना पाहिला होता. बैलाच्या खांद्याला घट्टे पडले, बापाचे हात चुन्याने सोलून निघाले आणि हाती काय, तर ढिगारा! आता वर देशोधडी? तिला राहवलं नाही. ती तरातरा पुढे आली आणि तिने विडा उचलला.

"येसू! वेड लागलं का तुला?" बाप मागून ओरडला.

"महाराज, माझी एकच मागणी," येसू मान ताठ ठेवून म्हणाली. "मी सांगेपर्यंत कोणी पहिला चिरा लावायचा नाही. आणि बोलावीन तेव्हा ही सगळी मंडळी एका जागी यायची. एकट्यादुकट्याने नाही, सगळी!"

"मंजूर! पण मृग काही तुझ्यासाठी थांबायचा नाही!"

दुसऱ्या दिवसापासून पेठेच्या माळावर भलताच खेळ सुरू झाला. येसूने चुन्याची फक्की टाकून अख्खी पेठ जमिनीवर आखली. इथे वेस, इथे दालन, इथे ओटा. मग कापसाच्या भरल्या गाड्या आणवल्या आणि त्या रेघांमधून हाकायला लावल्या. गाडी वळेना, की येसू केरसुणी घेऊन धावायची. रेघ पुसायची, दुसरी मारायची. माळणींना टोपल्या घेऊन बसवलं, तर त्या म्हणाल्या, "बाई गं, इथे दुपारचं ऊन थेट भाजीवर येतंय!" ओटा फिरवला. घागरी उपड्या करून पाणी कुठे वाहतं ते पाहिलं आणि तिथे गटार काढलं.

सुरुवातीला बाळोजी आणि सखाराम एकमेकांकडे पाठ करून बसत. पण वाद घालायला तरी तोंड वळवावं लागतंच! "बाळोजी, तुझी भिंत हातभर आत घे, मग माझी तुळई पुरते." "घेतो, पण खांब सरकव." लोहार म्हणाला, "बिजागऱ्या भिंत चढतानाच बसवा रे, मागून भिंतीला भोकं पाडत बसू नका." त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. गडी नुसता खुलला!

शिमगा झाला तरी माळावर एक चिरा नाही. राजा संतापून स्वतःच आला आणि तडक आत घुसला.

"महाराज, भिंत! भिंत!" सगळे ओरडले.

"कसली भिंत?" राजा रेघ तुडवून पुढे आला. तेवढ्यात येसूने केरसुणीने एक रेघ पुसली. राजाचे डोळे चमकले. "पाडलीस! माझ्यादेखत भिंत पाडलीस! शर्त मोडली!"

बापाने डोळे मिटले.

"महाराज," ती हात जोडून म्हणाली, "ही भिंत असेल, तर आपण आत्ता अशाच एका भिंतीतून आरपार आलात. ते फक्त भुतालाच जमतं. तेव्हा आपणच सांगावं, ही भिंत आहे की फक्की?"

राजाच्या मिशा थरथरल्या. "फक्की! फक्कीच आहे!" तो पुटपुटला आणि आला तसा परत गेला. या खेपेला मात्र वेशीतून!

मग पहिला चिरा लागला आणि काम असं पळालं की बघत राहावं. कोणाचं काम कोणासाठी खोळंबलं नाही. भिंत तयार, तर तुळई हजर. तुळई चढली, तर कौलांच्या गाड्या दारात. मृगाच्या आत शेवटचं कौल चढलं आणि बसवलेला एकही चिरा हलला नाही.

राजाने खोड काढायला कोपरा न् कोपरा धुंडाळला. सापडेना! पण हट्टी माणूस, हरलो म्हणेल तर शपथ. त्याने खांद्यावरचा जरीचा शेला काढून उंच धरला.

"ही पेठ ज्याच्यामुळे उभी राहिली, त्या एकालाच हा शेला. येसू, तूच नाव सांग. एकच नाव हं!"

झालं! बाळोजीने मिशीवर ताव दिला, सखाराम खाकरला, लोहाराने छाती काढली. येसूने ओळखलं, आता एक नाव घेतलं की महिनोन् महिने जुळवलेली मोट क्षणात सुटणार.

"सांगते की, महाराज," ती म्हणाली. "पण आधी हा शेला ज्या एका धाग्यामुळे शेला झालाय, तेवढा ओढून दाखवा. बाकीचे फेकून देऊ, तो एकच अंगावर घ्या!"

राजाने शेल्याकडे पाहिलं. येसूकडे पाहिलं. आणि मग असा खदाखदा हसला की नव्या कौलांवरची कबुतरं भुर्र उडाली.

"हरलो, पोरी, हरलो! सगळ्यांना शेले द्या! आणि वेशीजवळचं पहिलं दुकान येसूचं, पिढ्यान् पिढ्या!"

त्या पंधरवड्यात वडजाईच्या विणकरांना जेवायलाही उसंत मिळाली नाही.