शेवंतीची भूक

एका राज्यात मेघवाहन नावाचा राजा राज्य करी. आईवेगळी लेक शेवंती म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिने मागावं आणि राजाने आणावं. एकदा भर वैशाखात तिने ओला हरभरा मागितला. दुसरा बाप म्हणाला असता, थंडी पडू दे. हा उठला तो थेट धूम्रनाथ मांत्रिकाच्या गुहेत गेला.

"बारा महिने सगळं पिकेल अशी बाग दे."

"देतो. बदल्यात तुझ्या घरची भूक दे."

भूक! ती कुणाला हवी असते? राजाने हसत हसत देऊन टाकली. लाडापायी शहाणी माणसंही अशी खुळी होतात.

बाग रातोरात उभी राहिली. आषाढात गाजरं, श्रावणात मटार. पण ताट पुढे आलं की शेवंती तोंड फिरवी. राजा सवयीने चार घास गिळी. पोरीला तेही जमेना. हिवाळा लागला तोवर तिला उशीवरून मान उचलवेना. राजा तिचा हात हातात घेई आणि मुकाट रडे.

एके सकाळी खिडकीत चंडोल पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"राजा, एक भाजी स्वतः पिकव. एक कुणी न पेरलेली शोधून आण. एक बाजारातून आण, पण नाव घेऊन मागू नकोस. तिन्ही रांधून लेकीला भरव. भूक परतेल, बाग जाईल."

"जाऊ दे," राजा म्हणाला.

नदीकाठी वाफा करून त्याने मेथी पेरली, अन् दुसऱ्याच दिवशी रुजली का म्हणून उकरून पाहिली.

"मेली," चंडोल म्हणाला. "पुन्हा पेर."

पुन्हा पेरली, पुन्हा उकरली. तिकडे शेवंती पेजेच्या पाण्यावर तगून होती, बापाला धीर कुठला? तिसऱ्यांदा मात्र तो हात पाठीशी धरून बसून राहिला. मेथी आली.

मग तो गव्हाच्या शेतात शिरला. तिथे चाकवत आपोआप उगवला होता. राजाने मुळासकट उपटला, तर मुठीत नुसतं दव उरलं.

"शेंडे खूड," चंडोल म्हणाला. "मुळं तुझी नाहीत."

राजाने वाकून एकेक शेंडा खुडला. धोतराचा ओचा भरला.

बाजारात तो सवयीने बोलून गेला, "वांगी दे." पाटीतल्या वांग्यांचे दगड झाले. पुढे "घेवडा" म्हणतो तोच घेवड्याचेही दगड. भाजीवाल्या त्याला बघून पाट्या झाकू लागल्या. शेवटी तो राहीआक्का नावाच्या म्हातारीपुढे उकिडवा बसला.

"आक्का, आज काय आलंय?"

"पावटा आलाय कोवळा. हरभऱ्याचं सोलाणं हाय, गाजरं हाईत. कुणासाठी, बाबा?"

"लेक जेवत नाही."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" म्हणत तिने कोवळ्या कोवळ्या शेंगा निवडून दिल्या.

घरी येऊन त्याने मेथी परतली, चाकवत ताकात शिजवला, बाजारच्या भाजीला तिळाचं कूट लावलं. बाजरीची भाकरी थापली, ती वेडीवाकडी झाली. घास पुढे केला. शेवंतीने तोंड फिरवलं.

राजा घास धरून तसाच बसला. वाफ तिच्या नाकाशी गेली. आणि तिचं पोट गुरगुरलं, इतकं मोठ्याने की दारावरचा पहारेकरी दचकला. तिकडे गुहेत भूक कोंडून ठेवलेली धूम्रनाथाची झोळी फाटली, बागेची पानं झडली, गाजर-मटार आपापल्या ऋतूत निघून गेले.

शेवंतीने एक घास खाल्ला, मग दुसरा, मग ताट ओढून घेतलं. बोटं चाटून झाल्यावर म्हणाली, "आबा, उद्या काय?"

किती दिवसांत पोरीने उद्याचं नाव काढलं नव्हतं.

"ठाऊक नाही गं. बाजारात येईल ते."

"मग मीही येणार."

सकाळी तिला खांद्यावर बसवून राजा बाजाराला निघाला. शेवंतीची भूक जशी घरी आली, तशी ती तुमच्या-आमच्या घरी सदा नांदो.