शिळेवरचे पंजे

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. गावात एक तालीम होती आणि तालमीच्या अंगणात तेल पिऊन काळाभोर झालेला मल्लखांब होता. दर वर्षी देवीच्या जत्रेत गावातली पोरं त्या खांबावर चढत आणि एकमेकांच्या मनगटांना धरून मनोरा रचत. तो मनोरा बघायला खुद्द राजा येई.

पण खांबाला हात लावण्याआधी शिळेची परीक्षा द्यावी लागे.

शिळा तालमीच्या दाराशी होती. गावाचा पहिला वस्ताद तिच्यावर हात टेकून जोर मारत असे, म्हणून त्याच्या पंजांचे ठसे तिथे कोरून ठेवले होते. तो गडी होता रेड्यासारखा. त्याच्या दोन पंजांच्या मध्ये एखादं मूल आडवं झोपलं असतं. तरी प्रत्येक पोराने त्याच ठशांत हात ठेवायचे आणि वस्ताद थांब म्हणेपर्यंत जोर मारायचे, अशी रीत होती. जो कोसळला, त्याने पुढच्या जत्रेपर्यंत तालमीत पाऊल टाकायचं नाही.

दर वर्षी मनोरा थोडा थोडा बुटका होत चालला होता. "हल्लीची पोरंच मऊ," वस्ताद म्हणत आणि मोठी माणसं माना डोलवत.

त्या वर्षी तानी नावाची मुलगी शिळेवर आली. तिला खांबाच्या टोकावर जायचं होतं. दुसरं काही नको होतं. तिने हात ताणून पंजे ठशांत ठेवले, छाती खाली नेली आणि ती तोंडावर आपटली.

"वस्ताद, हात जरा जवळ घेऊ का?" ओठाचं रक्त पुसत तिने विचारलं. "माझे खांदे एवढे रुंद नाहीत."

"मग काय, ठसे सरकवू तुझ्यासाठी?" वस्ताद म्हणाले. "माझ्या आजोबांपासून सगळ्यांनी इथेच मारलेत. जा, घरी जाऊन दूधभात खा."

सगळे हसले. तिच्याआधी कोसळलेला धोंडू हसला, कोसळलेली मंजीही हसली. हसलं की रडू दिसत नाही.

गावाबाहेर एक कोरडं पडलेलं कुंड होतं. तिकडे कुणी फिरकत नसे. तानी भर दुपारी तिथे जाऊन बसली. समोरच्या भिंतीवर एक सरडा जोर मारत होता. पुढचे पाय ताणून छाती वर उचलायचा, पुन्हा खाली न्यायचा.

"तुला कुणी शिकवलं?" तानीने विचारलं.

"कुणी हाकललं नाही, म्हणून आलं," सरडा म्हणाला. "तू का तोंड पाडून बसलीस?"

तानीने सगळं सांगितलं.

"मग भिंतीला हात लावून मार की. मी मारतोच आहे."

"भिंतीवरचा जोर खरा नसतो."

"असं कोण म्हणतं?"

तानीने आठवून पाहिलं. असं म्हणणारा एकच माणूस होता.

ती उठली, भिंतीला हात टेकले आणि उभ्याउभ्या जोर मारू लागली. ते सोपं वाटू लागलं तेव्हा तिने हात कुंडाच्या वरच्या पायरीवर ठेवले, मग त्याखालच्या. पायरी उतरेल तसं अंग जड व्हायचं. तळाशी पोचल्यावर ती आधी गुडघे टेकून जोर मारायची, मग गुडघे उचलून. कोपरं बरगड्यांना घासतील इतके हात जवळ घ्यायची, मग बोटाबोटाने दूर न्यायची.

शाबास म्हणायला कुणी नव्हतं. पाय घसरला तर हसायलाही कुणी नव्हतं, आणि कधीकधी तिला वाटे, निदान तेवढं तरी असावं. कुंडात फक्त तिचाच श्वास घुमायचा.

ती धोंडूकडे गेली. "चल ना रे, दोघं मारू."

"मला शेळ्या आहेत," तो म्हणाला. "आणि माझे हातच तसले. वस्ताद म्हणाले ना, मऊ."

मंजी विणायला मागावर बसली होती. तिने मान वर न करताच नाही म्हटलं. थंडी पडली तसा सरडाही दिसेनासा झाला.

जत्रा आली. तानीने शिळेवरच्या ठशांत हात ठेवले आणि ती जोर मारत राहिली. वस्तादांनाच थांब म्हणावं लागलं.

"बघितलंत?" ते गर्जले. "शिळा माणूस घडवते!"

"शिळेने मला पाडलं, वस्ताद," तानी म्हणाली. "घडवलं कुंडाच्या भिंतीने. त्या दिवशी हात जवळ घेऊ दिले असते, तर आज धोंडू इथे असता, मंजीही असती."

"जीभ आवर आणि चढ. महाराज बसलेत."

तानी चढली. खाली दुसरं कुणीच नव्हतं. जुनी पोरं मोठी होऊन कामाधंद्याला लागली होती आणि नव्यांपैकी एकही शिळेवर टिकलं नव्हतं. ती टोकावर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले. जिथे इतरांची मनगटं असायची, तिथे नुसता वारा होता.

"मनोरा कुठे आहे?" राजाने विचारलं.

वस्तादांनी घाईघाईने हाका मारल्या. "अरे धोंडू! ये, ये लवकर!"

"आम्ही मऊ आहोत, वस्ताद!" टेकाडावरून धोंडू ओरडला आणि शेळ्यांमागे निघून गेला. मंजीच्या मागाचा आवाज क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला.

राजा उठला. पुढे तो कधी आला नाही आणि त्या गावात मनोराही पुन्हा उभा राहिला नाही.

माणसं पांगल्यावरही तानी वरच होती. वस्ताद खांबाजवळ आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला होता.

"कसं वाटतंय पोरी, वर?"

"एकटं," तानी म्हणाली.

बोध: आज ज्याला जमत नाही त्याला हाकलणारा गुरू, उद्या ज्याला जमणार होतं त्यालाच हाकलत असतो.