काळ्या दोऱ्याचे टाके

“चांगली बोलायला लागली होती, बाबा. मधेच मुकी झाली. का?”

विचारणारे डॉक्टर परचुरे, शहरातले मनाचे डॉक्टर. दुसऱ्याच्या मनाचा तळ ढवळण्यात पटाईत. समोर दर्ग्याच्या ओट्यावर लतीफशा फकीर पाय पसरून बसलेला. त्यांच्या उपचाराखालच्या गोदाची आई दर गुरुवारी पोरीला त्याच्याकडंही आणायची, म्हणून डॉक्टर झक मारत आले होते. पोरीनं आता अन्नही सोडत आणलं होतं.

“गप कधी झाली?”

“मी अर्थ सांगितला तेव्हापासून.”

“कशाचा?”

“ती चपला दाराबाहेर काढत नाही. मांडीवर घेऊन बसते. म्हणजे तिला पळून जायचंय. घरातून, बापापासून. उघड आहे.”

“उघड आहे,” फकीर म्हणाला. “चप्पल कसली होती?”

“चप्पल... चप्पलच की.”

“बायकी का बाप्याची?”

सात महिने पोरगी हाताच्या अंतरावर बसलेली, आणि एवढा शिकलेला माणूस चप्पल ओलांडून थेट बापापर्यंत पोचला होता!

“पलीकडं चिंचेखाली बसलीय. दर्ग्यात पायताण आणते म्हणून मुजावर कोकलत असतो. मी म्हटलं, आणू दे. जा, बघून ये.”

डॉक्टर गेले. चार पावलांवरूनच बघून आले.

“बाप्याची आहे. मोठी. डावीचा अंगठा तुटलेला, काळ्या दोऱ्यानं शिवलेला. बाबा, तिचा भाऊ वारला दोन वर्षांपूर्वी! म्हणजे ही त्याचीच, आणि ती अजून—”

फकिरानं तळहात डॉक्टरांच्या तोंडावरच दाबला. हाताला तंबाखूचा वास.

“निघाला गाडा! दिसलं तेवढंच घेऊन जा तिच्याकडं.”

असा अपमान डॉक्टरांचा जन्मात कुणी केला नव्हता. उठून सरळ मोटारीत बसावं असं वाटलं. पण आत्ताच पोरीच्या गळ्याची हाडं दिसली होती त्यांना. तीही पहिल्यांदाच.

ते चिंचेखाली जाऊन मातीत बसले. कडक इस्त्रीची विजार घालून.

...

“अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलाय,” ते म्हणाले.

...

“मीच शिवला,” गोदा म्हणाली.

डॉक्टरांनी जीभ दाताखाली धरली.

“दादाला म्हटलं, थांब, झालंच. तो थांबला नाही. अनवाणीच गेला वैरणीला. बांधावर साप डसला.” तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं. “मी बारीक टाके घालत बसले होते. मोठे घातले असते तर...”

मग ती बोलतच राहिली. तिसऱ्या प्रहरची अस्रची बांग झाली तरी बोलत होती. आईनं भाकरीचा तुकडा पुढं केला, तो बोलता बोलता खाल्ला तिनं.

डॉक्टर परत आले ते चालत नव्हते, तरंगत होते.

“बोलली, बाबा! जेवलीसुद्धा! आता सगळं कळलं मला. कुठं अडलंय, कशानं अडलंय, सगळं.”

“हं.”

“आता याचा अर्थ तिला सांगायला हवा. कधी सांगू?”

लतीफशा ओट्यावर आडवा झाला. उशाला हात घेतला, डोळे मिटले.

“तुला ठाऊक नसंल तेव्हा.”