शिहेच्या दगडावरचे दोन खड्डे

चीनमधल्या शिहे गावाच्या वेशीबाहेर एक सपाट काळा दगड आहे. त्यावर शेजारी शेजारी दोन खड्डे आहेत, एक खोल आणि एक उथळ. खोल खड्ड्याकडे बोट दाखवून पाहुणे हमखास म्हणतात, "हा राजाचा." ब्याऐंशी वर्षांच्या फांगआजी हसतात आणि सांगायला बसतात.

फार पूर्वी महासेनापती हे सगळ्या सैन्यांवरचं एकच पद होतं, म्हणे. ते नुसत्या फर्मानाने मिळत नसे. राजा गुडघा टेकून सेनापतीच्या रथाचं चाक स्वतःच्या हाताने ढकलायचा आणि म्हणायचा, "वेशीच्या आत माझा हुकूम, वेशीबाहेर तुमचा." त्याशिवाय सैन्य पाऊल उचलत नसे.

शत्रू खिंडीपर्यंत आला, तेव्हा हे पद शिहेच्या रेन शुओला द्यायचं ठरलं. शुओची आई मेई चाकं घडवायची. राजा सैन्य घेऊन शिहेच्या वेशीबाहेर आला. शुओसाठी आणलेल्या रथाची चाकंही मेईचीच.

"सुतारणीच्या मुलासाठी मी वाकू?" असं म्हणून राजा ताठ उभा राहिला. सैन्यही उभंच. खिंडीकडून धूर दिसू लागला.

तेव्हा मेई पुढे आली, या दगडावर गुडघा टेकून तिने चाकाला हात लावला.

"ए म्हातारे, हे जातं नव्हे!" प्रधान ओरडला.

"ठाऊक आहे, प्रधानजी. जातं असतं तर एव्हाना पीठ पडलं असतं."

सैनिक हसले. रथ जड होता, चाक जेमतेम बोटभर हललं. तरी ती ढकलतच राहिली. गुडघ्यातून रक्त आलं, तिने मागे वळून पाहिलं नाही. असं सांगतात, की शेवटी राजाने मुकुट उतरवला आणि तिच्या शेजारी गुडघा टेकला. दोघांनी मिळून चाक ढकललं. राजाने ते शब्द उच्चारले आणि सैन्य धावत निघालं.

शुओने खिंड राखली. परत आल्यावर त्याने महासेनापतिपदाची खूण म्हणून मिळालेली कुऱ्हाड याच दगडावर ठेवली आणि लाकूड तासायचा आईचा वाकस हाती घेतला.

"उथळ खड्डा राजाचा," फांगआजी मान ताठ करून सांगतात. "तो उशिरा बसला ना!"

आजही शिहेतून कोणी लांब जायला निघालं, की गावातलं सर्वांत वडीलधारं माणूस वाकून चाकाला हात लावतं. आम्ही पाहुणे परत निघालो, तेव्हा आमच्या बसच्या ड्रायव्हरला हे ठाऊक होतं. त्याने इंजिन बंद केलं. फांगआजी सावकाश खाली बसल्या, त्यांनी टायरवर दोन्ही हात ठेवले आणि जोर लावला.