वाळूत उमटलेली बैठक

एकदा एका नदीकाठच्या बाजारगावात सायकली दुरुस्त करणारे एक वृद्ध वस्ताद राहत होते. त्यांच्या दुकानाची एक रीत होती. सायकल गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी कारागिराने स्वतः तिच्यावर बसून वेशीवरच्या पिंपळापर्यंत एक चक्कर मारायची. काही खटकलं तर पुन्हा खोलायची, नाही खटकलं तर द्यायची. गोरख नावाचा त्यांचा शिष्य याच रीतीत तयार झाला होता. हात चांगला, नजर चांगली. पिंपळाला वळसा घालून आला की तो सांगून टाके, "मला काय त्रास झाला नाही. न्या बिनघोर."

त्याच गावात एक कासार होता. सायकलला बांगड्यांची पेटी बांधून तो गावोगाव फिरे. पण त्याच्या पाठीचा मणका सरकला आणि सगळं थांबलं. वाकून हँडल धरलं की कंबरेत कळ येई, आणि एस.टी.त बसलं तर प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांत पाणी. पाठीच्या दुखण्याचं वाईट हे असतं की ते बाहेरून दिसत नाही. माणूस धडधाकट दिसतो, आणि मग हळूहळू घरच्यांनाही वाटायला लागतं, खरंच इतकं दुखतं का?

एके दिवशी कासार काठी टेकत दुकानात आला.

"वस्ताद, माझ्या शेवंताला सातवा महिना लागतोय. डोंगरापलीकडं सासरी तिचं डोहाळजेवण आहे. अख्ख्या मुलखाच्या लेकीसुनांना हिरव्या बांगड्या मी भरल्या, आणि माझ्याच लेकीचा हात दुसऱ्या कासारानं धरावा? मला सोसणार नाही ते. कसंही करून मला तिथवर पोचवा."

"मामा, जीप करा की," गोरख म्हणाला.

"जीपनं एकदा दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी आधी जीपचं दुखणं बरं केलं, मग माझ्या पाठीकडं वळले."

सगळे हसले, पण कासाराचे डोळे हसत नव्हते.

गोरखने एकदा एका वर्तमानपत्रात टेकून चालवायच्या सायकलीचं चित्र पाहिलं होतं. आरामखुर्चीत बसावं तसं मागे रेलायचं, पाय पुढे, पायडल पुढे. पाठ वाकवायची नाही, आणि आपल्या गतीने, खड्डा चुकवत जायचं. तशी सायकल वस्तादांनीही कधी केली नव्हती. ते एवढंच म्हणाले, "लोखंड कापायच्या आधी नीट आखणी कर. आणि हे लक्षात ठेव, त्यात एक दुखरा माणूस बसायचा आहे."

गोरख उत्साहाने कामाला लागला. दुकानाच्या फरशीवर खडूने सायकल आखली. पाठ किती कलती, पाय किती लांब, हात कुठे, सगळं ठरवण्यासाठी तो स्वतःच त्या रेघांवर झोपला. मग जुन्या फळ्या ठोकून बैठकीचा नमुना केला आणि त्यावर रेलून ओरडला, "वस्ताद! राजासारखं वाटतंय बघा! इथंच झोप लागंल!"

कासाराला बोलावलं. तो त्या फळ्यांवर बसला, मागे टेकला, पाय पुढे केले.

"कसं वाटतंय मामा?"

"छान आहे की. फार छान. पोराची मेहनत दिसतीय."

कासार काठी टेकत घरी गेला. गोरख लोखंड कापायची करवत शोधू लागला. तेवढ्यात वस्ताद उठले, त्यांनी त्या फळ्या एकेक करून मोडल्या आणि चुलीत सारल्या.

"चहा ठेव," ते म्हणाले.

गोरखचा चेहरा पडला. "अहो, पण ते छान म्हणाले ना! तुमच्यासमोर म्हणाले!"

"म्हणाले खरे. साखर बेतानं टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन कोवळं असताना वस्ताद कासाराला नदीवर घेऊन गेले. पात्राच्या कडेला ओली, मऊ वाळू होती. एका उतारावर त्यांनी त्याला बसवलं आणि मागे टेकायला सांगितलं. मग गोरखला बाजूला घेऊन म्हणाले, "यांच्याशी गप्पा मार. शेवंताचं विचार, बांगड्यांचं विचार. फक्त 'कसं वाटतंय' हे विचारायचं नाही. आणि नजर त्यांच्या हातापायांवर ठेव." एवढं बोलून ते स्वतः निवांतपणे पाण्यात पाय सोडून बसले.

गोरखला वस्तादांचा राग आला होता. धुणं धुणाऱ्या बायकांनीही सोडलं नाही. "काय रं गोरखा, सायकल बांधतोयस का वाळूचा किल्ला?" एकीने विचारलं. "कासारमामांना पुरून ठेवू नको हां, संक्रांतीला लागतील!"

कासार आधी फोटोला बसावं तसा ताठ बसला होता. मग लेकीचा विषय निघाला. शेवंता लहानपणी फुटक्या बांगड्यांच्या काचा गोळा करून त्यांची फुलं कशी मांडायची, आणि पायात काच जाईल म्हणून तिची आई कशी दिवसभर घर झाडत राहायची, हे सांगता सांगता तो सैलावला. उजवं अंग त्याने वाळूत खोल रुतवलं. डावा गुडघा जरा वर घेतला. बोलता बोलता त्याच्या हाताने मूठभर वाळू ओढली आणि कंबरेच्या पोकळीत सरकवली, त्याची त्यालाच जाणीव नव्हती. मान दोनदा मागे गेली आणि आधार न मिळून परत आली. अखेर त्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. कासाराला झोप लागली होती. त्याचे दोन्ही हात अंगाशेजारी वाळूवर पडले होते, तळवे आभाळाकडे.

वस्ताद उठून आले. कासार जागा झाल्यावर दोघांनी त्याला अलगद उचललं. खाली वाळूत त्याची बैठक जशीच्या तशी उमटली होती. उजवीकडे खोल, डावीकडे उथळ, कंबरेपाशी छोटासा उंचवटा.

"वाकडी आहे," गोरख नकळत बोलून गेला.

"कासारबुवा," वस्तादांनी विचारलं, "आयुष्यभर बांगड्या कशा भरल्या, ते जरा बसून दाखवा."

कासाराने डाव्या हातात एक मनगट धरल्यासारखं केलं, उजव्या हाताने बांगडी सरकवल्यासारखी केली, आणि त्याचं सारं अंग आपोआप उजवीकडे कललं.

"आणि एक सांगा. बांगडी कुणाला बसेल, हे बघायला ती आधी स्वतःच्या हातात घालून बघता का हो?"

कासार खो खो हसला. "माझ्या या पंजात? वस्ताद, चेष्टा करता का! बाईचा हात हातात घ्यायचा, जरा दाबायचा, तिच्या माहेरचं काहीबाही विचारायचं. ती बोलायला लागली की हात लोण्यासारखा होतो. मग बांगडी आपसूक जाते."

गोरखने खाली वाकून वाळूतल्या उंचवट्यावरून हळूच बोट फिरवलं.

तेव्हा वस्ताद म्हणाले, "गोरखा, दुरुस्तीत आपली चक्कर चालते, कारण तिथं सायकलीचं दुखणं शोधायचं असतं. इथं माणसाचं दुखणं होतं, आणि तू तुझ्या धडधाकट पाठीला विचारत होतास. त्यांना विचारलंस तर ते भिडेपोटी छान म्हणाले. पण म्हणताना त्यांच्या डाव्या हातानं फळीची कड घट्ट धरली होती. तान्हं मूल कधी सांगतं का, कुठं टोचतंय? आई त्याच्या मुठीकडे बघते. मूठ सैल पडली की समजते, आता निजलं. सुख असं न बोलता कळतं, बाळा. त्याला वेळ द्यावा लागतो आणि जवळ बसावं लागतं."

मग मात्र दुकानात दिवसभर ठोकाठोक सुरू झाली. गोरखने वाळूतल्या खुणा दोरीने आणि वेताच्या काड्यांनी मोजून आणल्या होत्या. दोन जुन्या सायकली कापून एक लांब सांगाडा जोडला, दोन साखळ्यांची एक साखळी केली. बसायला बाजेची नवार विणली. डावीकडे ताणून, उजवीकडे ढिली. कंबरेपाशी कासाराच्या बायकोने दिलेल्या गोधडीची गुंडाळी बांधली, मानेला उशी दिली. पायडल इतकंच दूर ठेवलं की गुडघा कधी पूर्ण ताठ व्हायला नको. हँडल दोन्ही बाजूंना खाली घेतलं, वाळूवर हात जिथे पडले होते अगदी तिथे. बैठकीची उंची बाजेएवढी ठेवली, म्हणजे कुणी हात न देता उठता यावं. दुसऱ्याच्या हाताची वाट बघत बसणं, हेही एक दुखणंच असतं.

सायकल तयार झाली आणि सवयीने गोरखने तिच्यावर टांग टाकली. रेलला मात्र, तोच ताडकन उठला.

"वस्ताद, बिघडली! मला गुंडाळी टोचतीय, उजवीकडं घसरायला होतंय, मान तर पार अवघडली!"

वस्तादांचा चेहरा उजळला. "मग जमली!"

कासार येऊन बसला, मागे टेकला. या वेळी तो छान म्हणाला नाही. त्याने एक लांब श्वास सोडला, आणि डावा हात हँडलवर नुसता ठेवल्यासारखा पडून राहिला.

नदीकाठच्या सपाट रस्त्यावर त्याने ती चालवून हात बसवला आणि डोहाळजेवणाच्या दिवशी पहाटेच, हाताशी येईल अशी पेटी बांधून निघाला. सोबत साध्या सायकलीवर गोरख. काळजी त्यालाच होती, वाटेत काही झालं तर? बाजारपेठेतून जाताना लोक ओरडत होते, "मामा, पलंगासकट निघालात की काय!" कासार आडवा राहूनच रामराम घालत होता. चढावर दोघे उतरून चालले. उतारावर कासार गाणं म्हणत होता आणि ब्रेक दाबून दाबून गोरखची बोटं दुखत होती. डोंगरापलीकडच्या गावात पोचले तेव्हा कंबर धरून उभा होता गोरख. कासार गुंडाळीला टेकून तिथल्या पाटलांच्या विहिरीचं पाणी मागत होता.

शेवंता पोटावर हात ठेवून लगबगीने दारात आली. मागून तिची सासू ओरडत होती, "अगं हळू! पळू नको!"

"आबा! तुम्ही आलात? बसून आलात?"

"रेलून आलो," कासार म्हणाला. "हात दे इकडं."

त्याने सायकलीवरून न उतरताच पेटी उघडली. लेकीचा हात हातात घेतला, जरा दाबला, आणि विचारलं, "काय खावंसं वाटतंय गं तुला?" ती हसली, रडली, सांगू लागली. हिरव्या बांगड्या एकेक करून मनगटावर चढत गेल्या. एकही वाढली नाही, कुणाला साधा तडा गेला नाही. तोवर अंगणात बायका जमल्या, "मामा, आता आमचाही हात धरा." त्या दिवशी त्या बैठकीतूनच कासाराने अख्ख्या गावाला बांगड्या भरल्या, आणि संध्याकाळी मागच्या चाकाची हवा तपासून, त्याच सायकलीवर बसून तो म्हणाला, "चल गोरखा. का तुझ्यासाठी जीप बोलावू?"

वस्तादांच्या दुकानात पिंपळापर्यंतची चक्कर अजून चालते. पण आता ती गिऱ्हाईक मारतं, आणि गोरख शेजारून चालत जातो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत, त्याच्या हातांकडे बघत.

ज्याच्यासाठी आपण एवढा जीव टाकतो, त्याची मूठ सैल पडली का, एवढं थांबून बघावं.