वस्तऱ्याचं अंतर

"पण बाबा, हाताची थरथर थांबवायला ताईत हाय का न्हाई तुमच्याजवळ? तेवढंच सांगा."

तुळशीराम न्हावी तिसऱ्यांदा विचारत होता. सोमवारी सकाळी सकाळी तो गावाबाहेरच्या मुनीरबाबा फकिराच्या तकियावर, म्हणजे त्यांच्या मठीवर, येऊन बसला होता. काखेत धोपटी, धोपटीत वस्तरा, वाटी, कात्री, सगळा संसार. आणि नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा, असा की ऊन पडलं की समोरच्यानं डोळे मिटावेत.

मुनीरबाबा चिंचेखाली बसून कफनीला ठिगळ लावत होते. त्यांच्याही नाकावर चष्मा होता. त्याला काडी एकच. दुसऱ्या बाजूला सुतळी, ती कानाला गुंडाळलेली.

"थरथर कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"कुणाला कापलंस?"

"कापलं न्हाई बाबा... जरा लागलं."

"कुणाला लागलं?"

"सरपंचाच्या कानाला. पोस्टमास्तरच्या हनुवटीला. आन् गुरवाची भुवई... ती लागली न्हाई. ती गेलीच."

बाबांची सुई थांबली. "सगळी?"

"अर्धी. मग दोन्हीकडं सारखं दिसावं म्हणून दुसरी मीच..."

आता हे खरंच होतं. बिनभुवयांचा गुरव आरती म्हणायला लागला की बायका पदर तोंडात धरत. देवाचं कुणाला कळणार, पण त्याची मूर्तीही म्हणे हल्ली जरा हसरी दिसे.

बाबांची दाढी हलली. आत हसू असावं. दाढी बेंबीपर्यंत होती, त्यामुळे हसू बाहेर यायला वेळ लागे.

"हसू नका बाबा. गुरुवारी जावळ हाय."

"कुणाचं?"

"नातवाचं. माझ्या शेवंताच्या पोराचं."

एवढं बोलून तुळशीराम धोपटीचा बंद सोडायला आणि बांधायला लागला.

पस्तीस वर्षं गावातल्या प्रत्येक पोराचं पहिलं जावळ त्यानंच काढलं होतं. आज मिशीला पीळ देणारे, भाषणं करणारे, सगळे कधी ना कधी मामाच्या मांडीवर बसून तुळशीरामच्या वस्तऱ्याखाली रडलेले. आता स्वतःचा नातू. आणि काल जेवताना शेवंता ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली होती, "आप्पा, जावळाला पलीकडच्या गावचा न्हावी बोलवू का?"

हळूच म्हणाली होती. ओरडून म्हणाली असती तर त्यानं भांडून जिंकलं असतं.

"तेवढं एक डोकं मला द्या बाबा. मग हात गेला तरी चालंल."

बाबांनी दोरा दातानं तोडला...

"आणि नाकावर हे काय?"

तुळशीरामचा चेहरा लगेच उजळला. "ह्यो व्हय? तालुक्यासनं आणला. बावीस चष्मे लावून बघितले! चष्मेवाला दमला, पर मी न्हाई दमलो. आरशापुढं समोरनं बघितलं, बाजूनं बघितलं, हसून बघितलं, रागावून बघितलं. न्हाव्याला आरसा कळतो बाबा. दुसऱ्याला काय कळणार?"

"कशाला घेतलास?"

"शोभतो की! पन्नाशी उलटली. नाकावर कायतरी भारदस्त पाहिजे."

बाबांनी कफनी बाजूला ठेवली. चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकली. मान मागे टाकली. दाढी मुठीत धरून वर उचलली आणि खालचा गळा उघडा केला.

"कर."

"काय?"

"गळ्यावरचे केस काढ. फार टोचतात."

"बाबा, हात थरथरतो म्हणून तर आलोय!"

"तेच बघू दे मला."

बाबांनी डोळे मिटले.

तुळशीराम कुरकुरत उठला. तरी हाताची सवय मोठी. वाटीत पाणी आलं, पाणी गळ्याला लागलं, वस्तरा उघडला. तो बाबांपासून हातभर लांब उभा राहिला. मग आणखी जरा लांब. मान मागं, हात पुढं, जसा काही मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालतोय.

"गळ्यावर एक तीळ आहे," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "तो तेवढा सांभाळ. आईनं दिलेला आहे."

तुळशीराम वाकला. मागे झाला. पुन्हा वाकला. चष्मा वर केला, खाली केला.

समोर गळा होता. गळ्यावर कायतरी पांढुरकं होतं. तीळ म्हणाल तर चार वाटत होते, म्हणाल तर एकही नव्हता.

वस्तरा थरथरायला लागला...

मधे एक कावळा ओरडून गेला...

"बाबा."

"हं."

"मला दिसत न्हाई."

बाबांनी डोळे उघडले. तुळशीरामचं मनगट धरलं आणि त्याच्याच डोळ्यांपुढं नेलं. हात चिंचेच्या बुंध्यासारखा स्थिर होता.

"थरथर कुठं आहे?"

तुळशीराम हाताकडं बघतच राहिला. खरं बोलल्याबरोबर थांबली होती म्हणा.

बाबांनी आपला चष्मा कफनीवर ठेवला, त्याचा सोनेरी काढला आणि आपल्या नाकावर चढवला. रस्त्याकडं बघितलं, कफनीकडं बघितलं, शेवटी आकाशाकडं बघितलं.

"अरे, ही तर खिडकीची काच आहे! याचा नंबर किती?"

"शून्य," तुळशीराम म्हणाला. अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

"तुला दिसत नाही, आणि नंबर शून्य? डोळे तपासले नाहीत?"

"तपासले की."

"मग?"

आता तुळशीराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण अंगठा दहा वर्षांचा.

"त्याचं काय झालं बाबा... मी चष्म्याच्या दुकानाबाहेर बाकावर बसलेलो. आत माझ्याआधी एक बागवान. मधे नुसता पडदा. बागवानाचा आवाज बाजारातला, खणखणीत. डोळे तपासायची पाटी वाचत होता. ग, च, ट, र... मी आपलं ऐकत बसलो."

"पाठ केलंस?"

"आधी आपोआप झालं. मग जरा केलं."

"का रे बाबा?"

"सातवीला तीनदा बसलो, बाबा. तीनदा नापास. चौथ्यांदा बापानं हातात वस्तरा दिला. तवापासनं कुणी वाच म्हणालं की मी पळवाट बघतो." त्यानं खाली बघूनच सांगितलं. "मी आत गेलो. धडाधड म्हणून टाकलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, 'वा काका, सगळं बरोबर!' जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला सगळं बरोबर म्हणालं. मग मी थांबतोय व्हय? जवळून वाचायचं कार्ड दिलं, तेबी म्हणून टाकलं."

"तेही बागवानाचंच?"

"व्हय. मधे एका जागी तो खोकलेला. तेवढं गाळलं."

आता मात्र हसू दाढीतून बाहेर आलं. बाबा एवढे हसले की चिंचेवरचे दोन होले उडाले. तुळशीरामही हसायला लागला. आधी ओशाळून, मग मोकळाच.

हसू ओसरल्यावर बाबांनी आपला सुतळीचा चष्मा उचलला आणि तुळशीरामच्या नाकावर ठेवला. सुतळी कानाला गुंडाळली, आणि दाढी पुन्हा वर धरली.

"बघ."

तुळशीराम वाकला, आणखी वाकला, नाक दाढीत शिरेपर्यंत वाकला. आणि ओरडला.

"बाबा! तीळ! डाव्या अंगाला हाय! आन् तुमच्या दाढीत मुंगी चाललीय!"

"चालू दे. तिची रोजची वाट आहे."

"एक एक केस वेगळा दिसतोय हो!" त्यानं स्वतःची बोटं बघितली, नखं बघितली, वस्तऱ्याची धार बघितली. धारेला एक बारीक खाच होती. "आरारारा... ह्या खाचेनं सरपंचाला..." पुढं बोलला नाही. "बाबा, ताईत नको. ह्योच द्या!"

"हा माझ्या सुईचा. सुई डोळ्यांपासून वीतभरच लांब असते. तू नाक लावून जावळ काढणार का? पोरगं शिंकेल."

बाबांनी ठिगळाचा दोरा घेतला. "उभा राहा. समज, पोर मामाच्या मांडीवर बसलंय. धर वस्तरा, रोज धरतोस तसा. लांब पळू नको."

तुळशीराम वाकला. पस्तीस वर्षांची सवय पाठीत आपसूक आली. बाबांनी दोऱ्याचं एक टोक त्याच्या डोळ्याशी धरलं, दुसरं वस्तऱ्याच्या पात्याशी नेलं आणि तिथं गाठ मारली.

"आजच्या गाडीनं जा. हा दोरा बाईंपुढं ठेव. सांग, माझं काम एवढ्यावर चालतं, इथं लख्ख दिसलं पाहिजे."

"आन् रस्त्यानं चालताना?"

"चष्मा धोपटीत. म्हशी तुला तशाच दिसतात."

तुळशीरामनं दोरा घडी करून खिशात ठेवला. बाबांच्या नाकावरचा सोनेरी चष्मा हातात घेतला, पुसला, पण नाकावर चढवला नाही. निघाला. चार पावलं गेला आणि परत आला.

"बाबा... बाई पुन्हा तेच जवळचं कार्ड देणार."

"देतील."

"मला अजून पाठ हाय."

"असणारच."

"बाहेर बाकावर माणसं बसत्यात. आपल्याच गावची असत्यात. पडद्यातनं सगळं ऐकू येतं. एकदा सगळं बरोबर म्हणालेल्या बाईपुढं जायचं, आन् आता येत न्हाई म्हणायचं?"

बाबा सुईत दोरा ओवत होते. चष्मा परत घ्यायचा राहिला होता, तो तुळशीरामच्या नाकावरच होता. बाबांनी हात पुढं करून तो काढून घेतला...

"खरं सांगा बाबा. गुरुवारचं जावळ मी काढू का?"

"काढ," बाबा म्हणाले. "पण आधी तालुक्याला जा, आणि या खेपेला मनापासून नापास होऊन ये."